पातेरा कुजत नाही? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या तोंडावर आंबा-काजूच्या बागेतला पातेरा (गळलेली सुकी पानं) गोळा करून काडी लावायची, ही कोकणात सर्रास होणारी चूक. "राखेने जमीन सुधारते" हे अर्धंच खरं. राखेत पालाश (पोटॅश) आणि चुना उरतो, पण पानांतला नत्र (नायट्रोजन) जवळजवळ सगळा धुरावाटे जातो. उरलेली राख जूनच्या पहिल्या जोरदार सरींत उतारावरून व्हाळाला (ओढ्याला) लागते. तरव्यासाठी (भाताच्या रोपांसाठी) भाजावळ करणाऱ्यांचा, म्हणजे जमीन भाजून घेणाऱ्यांचा, हिशोब वेगळा, तिथे तणाचं बीही मारायचं असतं. बागेत तो लावू नका.

"खतासाठी ढीग घालून महिने झाले, पानं तश्शीच!" मे महिन्यात ती तशीच असणार. कुजवणारी बुरशी आणि जिवाणू ओलीशिवाय हलत नाहीत. रानातसुद्धा पावसापर्यंत जे काही काम होतं ते मुख्यतः वाळवीचं. त्यात आंबा-काजूचं पान चिवट, मेणचट आणि नत्राला गरीब. पावसाळ्यात ऐन-किंजळीच्या झाडांखालचा थर हाताने उचकटून बघा. वरची पानं अख्खी, मधली पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली, खाली नुसत्या शिरांची जाळी, आणि तळाला काळी भुसभुशीत माती. ते पांढरे धागे बघून रोग आला म्हणून बुरशीनाशक मारणारे महाभाग आहेत! पानाला कडकपणा देणारं चिवट लिग्निन फोडायला तीच बुरशी लागते.

तेव्हा पातेरा चुरडा, वीतभर थर झाला की शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) शिंपडा आणि गिरीपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) हिरवा पाला टाका. त्यात नत्र भरपूर असतो. मूठभर पिळल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये.

पावसाळ्यात खड्डा नकोच. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात त्याचं डबकं होतं, हवा संपते आणि कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो. जमिनीवरच ढीग घाला, वर झावळ्या टाका. वास सुटलाच तर ढीग उपसा, सुका पातेरा मिसळून पुन्हा रचा.

अर्धाकच्चा पातेरा मातीत गाडला की रोपं पिवळी पडतात, कारण कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात. मग युरियाची पिशवी आणायला धावू नका, शेणकाला घाला. तोच पातेरा वर आच्छादन म्हणून चालतो. फक्त कलमाच्या खोडापासून वीत-दीड वीत लांब पसरा, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते.