राखीव भाग ऐन वेळी कामी यावा म्हणून

शेतीवरचा आमचा पॉडकास्ट आम्ही पाच जण नोकऱ्या सांभाळून चालवतो. दर गुरुवारी एक भाग. अडीअडचणीला तीन भाग राखून ठेवले होते. गेल्या सुगीत सगळेच अडकलो आणि राखीव भाग काढला, तर पहिलंच वाक्य, ‘उद्या पोळा!’ पोळा होऊन दोन महिने झाले होते. दुसऱ्या भागाची ऑडॅसिटीची (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) फाइल एकाच्याच लॅपटॉपवर होती आणि तो प्रवासात. त्या गुरुवारी भाग गेलाच नाही. संध्याकाळी एका आजींचा फोन आला, “बरे आहात ना रे सगळे?” फार लागलं मनाला.

आता राखीव भागात सण, पाऊस, बाजारभाव बोलायचे नाहीत. बियाणं राखणं, विहीर पुनर्भरण, जुन्या पेरणीच्या आठवणी असे विषय घेतो. भाग कधी लागेल ते सांगता येणार नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगतो. संपादन पुरं करून, मोनो (एकाच चॅनेलचं ध्वनिमुद्रण) असेल तर आवाज उणे १९ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास आणून, वर्णनासकट सामायिक ड्राइव्हवर ठेवतो. फाइलच्या नावातच ध्वनिमुद्रणाची तारीख असते. सहा महिने उलटले की कुणीतरी तो पुन्हा ऐकतं. एक भाग वापरला, की पुढच्या रविवारी सवड असेल तो नवा करतो. ज्याचा भाग चुकला त्याच्यावर सक्ती नाही. सध्या चार शिल्लक आहेत.