सांगलीच्या उन्हाळ्यात टॅरँटुला सांभाळताना

टॅरँटुला म्हणजे मोठा, केसाळ कोळी. पहिल्यांदा पाळायला मेक्सिकन रेड नी ही शांत, जमिनीवर राहणारी जात बरी. ती साइटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी हवी. चांदोलीच्या रानातला कोळी मात्र उचलून आणू नका.

पूर्ण वाढलेल्या कोळ्याला ४० बाय ३० सेंमी तळाचा, झाकणाला कुलूप बसेल असा डबा घ्या. त्यात १२ सेंमी कोकोपीट भरा. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकता कामा नये. मातीपासून झाकणापर्यंत १५ ते २० सेंमीच जागा ठेवा. उंचावरून पडला तर पोट फुटून कोळी मरतो. लपायला फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा आणि पाण्याची उथळ वाटी पुरे.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची खोली टाळा, आतल्या खोलीत जमिनीलगत ठेवा. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा बाजूची भोकं वाढवा.

आठ-दहा दिवसांतून एक रातकिडा, कोळ्याच्या पोटापेक्षा लहान. तासगावकडच्या द्राक्षबागेतले किडे अजिबात नकोत, फवारणीचं औषध त्यांच्या अंगात असतं. त्याच खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा लिक्विड मशीनही लावू नका. हे फार जण विसरतात!

कोळी उताणा पडला तर मेला समजू नका, तो कात टाकतोय. हात लावू नका, डब्यातला जिवंत किडा काढा आणि कात टाकल्यावर फिकट दिसणारे दात पुन्हा काळे होईपर्यंत, साधारण दहा दिवस, खायला देऊ नका.

हातावर खेळवू नका. पोटावरचे केस डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.