जुना ॲनालॉग आवाज, छोटं खोकं: सिंथ (सिंथेसायझर) घेताना या चुका टाळा

१९८२ साली मुंबईचे सेशन वादक चरणजीत सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकत्र जोडली: ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र. त्यांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून तबकडी काढली. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातले ॲसिड हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे लोक तोंडात बोटं घालून बसले. रोलँडने २०१५ पासून बुटीक मालिकेत याच तिघांची धाकटी भावंडं काढली, जेपी-०८, टीबी-०३ आणि टीआर-०८. तिन्ही मिळून एका शबनम पिशवीत मावतात.

खरेदी इथवर सोपी असते. मग आठवड्याभरात फोन येतो, "घेतला हो, पण तसा वाजत नाही." गेल्या काही वर्षांत असे बरेच फोन घेतल्यावर माझं मत असं झालंय की आवाजाची नक्कल बहुतेक वेळा चोख असते. माणूस फसतो तो खोक्याच्या बाकीच्या गोष्टींत.

आवाज कुठला हवाय तेच नक्की नसणं

"ऐंशीच्या दशकातला आवाज हवाय, म्हणून ॲनालॉग घेतो" असं म्हणणाऱ्याला (ॲनालॉग म्हणजे आकडेमोड न करता थेट विजेच्या सर्किटमधून आवाज काढणारा) मी आधी तो आवाज गुणगुणून दाखवायला सांगतो. निम्म्या वेळा निघतो तो काचेसारखा किणकिणणारा इलेक्ट्रिक पियानो. तो यामाहा डीएक्स७चा, १९८३चा, आणि डीएक्स७ ॲनालॉग नव्हेच. तो डिजिटल एफएम, म्हणजे आकडेमोडीने एका लहरीवर दुसरी हलवून आवाज घडवणारा. त्यासाठी रोलँडच्या ज्यूनो या ॲनालॉग सिंथची नक्कल घेऊन फिल्टर (आवाजातला तीक्ष्णपणा कमी-जास्त करणारा भाग) कितीही पिळलात तरी ती किणकिण येणार नाही. त्यापेक्षा कोर्गचा व्होल्का एफएम घ्या, त्यात डीएक्स७चे आवाज सरळ भरता येतात.

उलट लोण्यासारखे पसरणारे तार-सूर हवे असतील तर ज्यूनो-६० (१९८२) किंवा ज्यूनो-१०६ (१९८४) यांच्या वाटेने जा. छातीत घुमणारा एकसुरी बेस हवा असेल तर मिनिमूग या जुन्या ॲनालॉग सिंथचा वंश. यंत्राचं नाव कळलं की अर्धी खरेदी झाली.

किती सूर एका वेळी? इथे सगळ्यात जास्त लोक पडतात

व्हॉइस म्हणजे एका वेळी वाजू शकणारा एक सूर. मूळ ज्युपिटर-८ला आठ व्हॉइस होत्या, जेपी-०८ला चार आहेत. ज्यूनो-६०ला सहा, तिची नक्कल जेयू-०६ए चारवर भागवते. कोर्ग मिनिलॉग खराखुरा ॲनालॉग, पण चारच. यामाहा रेफेस सीएस डिजिटल, पण आठ.

"चार बोटं पुरेत की" असं वाटतं. आता पेटीवाल्याचा हात आठवा. डावा हात सा-प-सा धरून बसतो आणि उजवा फिरतो. तिथेच तीन व्हॉइस खर्च झाल्या. उरलेल्या एकीवर अख्खी चाल. त्यात आवाज पॅडचा (हळूहळू पसरणारा) असेल आणि रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर विरायला लागणारा वेळ) चार-पाच सेकंदांचा, तर सोडलेला सूरही आपली जागा अडवून बसतो. मग पुढचा सूर लावला की एकतर आधीच्याची शेपटी कचकन तुटते, नाहीतर खालचा षड्जच पळवला जातो. घेणाऱ्याला वाटतं पीस खराब निघाला. पीस ठणठणीत आहे, व्हॉइस संपल्यात. रिलीज कमी करा, धरलेला सा वेगळ्या वाद्याला द्या, नाहीतर रेकॉर्डिंग करत असाल तर दोन थरांत वाजवा. एकाच मॉडेलची दोन बुटीक जोडून आठ व्हॉइस करता येतात, पण मग पैसेही दुप्पट.

व्होल्का कीजची गंमत वेगळी. तीन सूर एकदम वाजतात, पण फिल्टर तिघांत मिळून एकच. तीन बिऱ्हाडं आणि सामाईक नळ, असा प्रकार. कॉर्ड एकदम दाबली तर झकास. पण एक सूर धरून दुसरा लावलात तर प्रत्येकाचा फिल्टर स्वतंत्रपणे उघडेल ही आशा सोडा.

"खरा ॲनालॉग की नकली?" या वादात महिना घालवणं

बँड वाजत असताना हा फरक ओळखणारा श्रोता मला अजून भेटलेला नाही. हातात फरक जाणवतो, पण वेगळ्या कारणांनी. बेरिंजर मॉडेल डी, म्हणजे मिनिमूगची नक्कल, हा खराखुरा ॲनालॉग. थंड असताना सूर लावलात तर अर्ध्या तासात तो सरकलेला असतो. चालू करा, चहा पिऊन या, मग सूर लावा. त्याला आवाज साठवायची मेमरीही नाही. मिनिमूगलाही नव्हती, त्यामुळे तक्रारीला जागा नाही, पण एका कार्यक्रमात सात गाण्यांना सात आवाज लागणार असतील तर स्टेजवर अंधारात नॉब फिरवत बसाल. घरी आवाज जमला की मोबाइलवर पॅनलचा फोटो काढून ठेवा.

आणखी एक. यूट्यूबवरच्या डेमोत निम्मा आवाज रिव्हर्बचा, म्हणजे कृत्रिम घुमण्याचा असतो. दुकानात ऐकताना सगळे इफेक्ट बंद करायला लावा.

जोरात दाबलं तरी आवाज तेवढाच

मिनिमूग, ज्यूनो, ज्युपिटर-८ यांपैकी कुणाच्याच पट्ट्यांना दाब कळत नव्हता. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. हा दोष नाही, तो स्वभाव. पियानोवरून आलेल्यांनी आधीच मनाची तयारी करावी. पेटीवाल्यांना त्याचं काही वाटत नाही. बारीक पट्ट्यांचा त्रास मात्र दोघांनाही होतो. बुटीकला पट्ट्या नसतातच, वेगळ्या घ्याव्या लागतात. त्यापेक्षा घरातला मोठा मिडी कीबोर्ड (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना सूर कळवायची भाषा) जोडलेला बरा.

पिनेवरच्या दोन काळ्या रेघा

मित्राची मुलगी जेयू-०६ए पिशवीत घालून आली. म्हणाली, "काका, कोरस बंद केला की आवाजच जातो. चालू केला की येतो, पण पत्र्यासारखा. परत करायचाय." (कोरस म्हणजे आवाज दाट आणि पसरट करणारा इफेक्ट.) हेडफोन लावून ऐकलं, आवाज भरदार. मग तिची केबल हातात घेतली. एका टोकाला हेडफोनची बारीक स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला मोठी पिन, आणि तिच्यावर दोन काळ्या रेघा. म्हणजे तीही स्टिरिओ. ती तिने ऑडिओ इंटरफेसच्या (वाद्याचा आवाज कॉम्प्युटरला देणाऱ्या खोक्याच्या) बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसली होती.

बुटीकसारख्या छोट्या यंत्रांना डावा-उजवा मिळून एकच बारीक आउटपुट असतं. बॅलन्स्ड इनपुट मात्र पिनेवरच्या दोन सिग्नलांची वजाबाकी करतं, कारण दोन्हींवर सारखा आलेला खरखराट मारणं हेच त्याचं काम. कोरस बंद असताना डावीकडे आणि उजवीकडे अगदी एकच आवाज असतो. एकातून तेच वजा केलं, हाती शून्य! कोरस चालू केला की दोन बाजू वेगळ्या होतात आणि तो फरक तेवढा पत्र्यासारखा ऐकू येतो. उपाय स्वस्तातला: एका टोकाला बारीक स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला एकेक रेघेच्या दोन मोठ्या मोनो पिना असलेली वाय केबल. त्या दोन वेगळ्या इनपुटमध्ये लावायच्या आणि पॅन डावीकडे-उजवीकडे करायचं. सिंथ परत गेला नाही.

हॉलमधला पीए (लाउडस्पीकरची यंत्रणा) मोनो असेल तर ज्यूनोचा कोरस घरच्यासारखा पसरणार नाही, हेही लक्षात असू द्या.

घूं आणि चिर्र

सिंथ लॅपटॉपला यूएसबीने जोडला आणि मागून बारीक चिर्र आवाज यायला लागला, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह; सिंथ निर्दोष. बुटीक असेल तर चार पेन्सिल सेलवर चालवा आणि यूएसबीऐवजी पाच पिनांची जुनी मिडी केबल वापरा. त्या मिडीत सिग्नल आत येताना प्रकाशाच्या मार्फत येतो, तारेला तार भिडत नाही, म्हणून लूप होत नाही. यूएसबीशिवाय भागतच नसेल तर यूएसबीतला विजेचा थेट जोड तोडणारा आयसोलेटर मिळतो. थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला मात्र कुणीही दिला तरी ऐकू नका. घूं जाते, पण मग माइकला ओठ लागल्यावर झटका बसतो.

ॲडॉप्टरच्या बाबतीत मीच एकदा चुकलोय. गिटार पेडलचा नऊ व्होल्टचा ॲडॉप्टर हाताशी होता, तो टोकाला कनव्हर्टर पिन लावून व्होल्काला जोडला. काहीच नाही. पोटात गोळा. पेडलच्या ॲडॉप्टरच्या मधल्या पिनेवर ऋण असतं, व्होल्काला तिथे धन लागतं. सेल घालून पाहिलं तर दिवे लागले, नशीब! तेव्हापासून ॲडॉप्टरवरचं अधिक-उणेचं गोल चिन्ह वाचल्याशिवाय मी काही लावत नाही. परदेशातून कुणी सिंथ आणत असेल तर ॲडॉप्टरवर २३० व्होल्ट बसतंय का तेही बघा.

कॉम्प्युटरला सिंथ दिसतच नाही? केबल बदला. मोबाइलच्या डब्यातल्या कित्येक केबल फक्त चार्जिंगच्या असतात. प्रत्येक सूर दोनदा वाजतोय? सिंथवरचं लोकल (त्याच्या पट्ट्यांनी थेट त्याचाच आवाज वाजणं) बंद करा. मुका आहे? दोन्हीकडचं मिडी चॅनल जुळवा.

"त्यापेक्षा जुनाच ओरिजिनल घेतो"

असा विचार येतोच, आणि कुठेतरी ज्यूनो-१०६ दिसतेही. तिच्यात सहा व्हॉइसना ८००१७ए नावाच्या सहा चिप आहेत. त्यांच्यावर जो लेप दिलाय तो वर्षानुवर्षांनी दगा देतो आणि चिप एकेक करून जाते. बघायला गेलात की पॉली १ हा मोड लावा, कोरस बंद करा आणि एकच पट्टी सावकाश बारा वेळा दाबा. सूर आळीपाळीने सहाही व्हॉइसवर फिरतो. दर सहाव्या वेळी चरचर आली किंवा आवाज गायब झाला, तर एक चिप गेलीय आणि बाकीच्या पाच तिच्याच वयाच्या आहेत. किमतीतून सहा चिपांचे आणि कारागिराचे पैसे वजा करा, घासाघीस त्याच्या खालून सुरू करा.