नेटवर्कच्या पत्त्यांच्या नोंदी खऱ्या आणि सुरक्षित कशा ठेवाव्यात

२४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा पत्त्यांचा गट आपल्याकडे असल्याची घोषणा केली. ती देशाबाहेर पसरली आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब उघडत नव्हते. यूट्यूबची स्वतःची घोषणा /२२ अशी मोठ्या गटाची होती (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका लहान, तितका गट मोठा), राउटर नेहमी अधिक नेमका गट निवडतो, आणि घोषणा करणाऱ्याचा हक्क तपासण्याची सोय बीजीपीत, म्हणजे नेटवर्के एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीत, मुळातच नाही. तो हक्क बाहेरून पडताळता यावा यासाठी नोंदी असतात. स्वतःचे आयपी पत्ते असलेल्या सेवादाराने, विद्यापीठाने किंवा बँकेने त्या पुढील क्रमाने सांभाळाव्यात.

प्रथम यादी करावी. कोणता गट कोणाकडून मिळाला (भारतात बहुधा आयआरआयएनएन किंवा एपनिक या पत्ते देणाऱ्या संस्था), तो कोणत्या एएस क्रमांकावरून (स्वतंत्र नेटवर्कला मिळणाऱ्या ओळखक्रमांकावरून) घोषित होतो आणि कोणता पडून आहे, हे कागदपत्रांवरून आणि प्रत्यक्ष राउटरवरून असे दोन्ही बाजूंनी पाहावे, कारण या दोन्हींत फरक हमखास सापडतो.

त्यानंतर, एकही नोंद बदलण्याआधी, पत्ते देणाऱ्या संस्थेकडील आपले खाते सुरक्षित करावे. ३ जानेवारी २०२४ रोजी ऑरेंज स्पेन या दूरसंचार कंपनीच्या राइपकडील (युरोपातील पत्ते देणाऱ्या संस्थेकडील) खात्यात हल्लेखोर शिरला. पासवर्ड अगदी सोपा होता, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू नव्हती, आणि त्याने नोंदी बदलताच त्या कंपनीची सेवा काही तास कोलमडली. म्हणून दुहेरी पडताळणी सुरू करावी, संपर्काचा ईमेल व्यक्तीचा न ठेवता विभागाचा ठेवावा आणि नोकरी सोडून गेलेल्यांचे प्रवेश त्याच दिवशी काढावेत.

आता राउटिंग रजिस्ट्री, म्हणजे कोणता गट कोणत्या एएस क्रमांकावरून निघतो याची सार्वजनिक नोंदवही. राडबी किंवा एएलटीडीबीसारख्या रजिस्ट्रींत पत्ते खरोखर कोणाचे आहेत याची खात्री पूर्वापार सैलच राहिली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सेलर ब्रिज या क्रिप्टो सेवेवरील हल्ल्यात अ‍ॅमेझॉनचे पत्ते वळवण्यासाठी एएलटीडीबीतील खोट्या नोंदींचा आधार घेतला गेला होता. यासाठी आपल्या गटाच्या नावे सर्व रजिस्ट्रींत काय नोंदले आहे ते शोधावे. जुन्या अपस्ट्रीम (आपल्याला इंटरनेटशी जोडणाऱ्या) सेवादाराने कधीकाळी घातलेले राउट ऑब्जेक्ट, म्हणजे रजिस्ट्रीतील तशी नोंद, काढून टाकण्यास त्याला लेखी कळवावे, आणि स्वतःची नोंद शक्यतो पत्ते देणाऱ्या संस्थेच्याच रजिस्ट्रीत ठेवावी.

खरे बळ मिळते ते आरपीकेआय या डिजिटल सहीच्या नोंदींच्या यंत्रणेतून. येथे पत्त्यांचा धारक ‘हा गट या एएस क्रमांकावरूनच निघेल’ असे डिजिटल सहीचे प्रमाणपत्र, म्हणजे आरओए, तयार करतो आणि पडताळणी करणारी नेटवर्के त्याच्याशी विसंगत घोषणा टाकून देतात. म्हणूनच चुकीचा आरओए हा आरओए नसण्यापेक्षा घातक ठरतो. /२२ चा आरओए आधी केला आणि त्यातला एखादा /२४ ग्राहकाच्या एएस क्रमांकावरून जात असेल, तर त्या ग्राहकाची घोषणा अवैध ठरून त्याची सेवा तुटू शकते. तेव्हा लहान गटांचे आरओए आधी करावेत, मोठ्याचा नंतर. कमाल लांबीच्या (तिरप्या रेघेनंतर चालेल अशा सर्वांत मोठ्या आकड्याच्या) रकान्यात सोयीसाठी २४ लिहिण्याचा मोह टाळावा आणि प्रत्यक्ष घोषित होणारी लांबीच द्यावी, अन्यथा तुमचा एएस क्रमांक खोटाच पुढे लावून अधिक नेमकी घोषणा करणाऱ्यालाही वैधता मिळते. पडून असलेल्या गटांसाठी एएस ० चा, म्हणजे ‘हा गट कोणीच घोषित करू नये’ असा, आरओए करावा.

आरओए फक्त उगम तपासतो. मधला मार्ग कोणी वळवला तर तो गप्प राहतो. तरीही राइपस्टॅट या संकेतस्थळावर प्रत्येक गट ‘व्हॅलिड’ दिसतो की नाही हे पाहावेच, आणि जमल्यास रूटिनेटर हे आरओए पडताळणारे सॉफ्टवेअर बसवून इतरांच्या अवैध घोषणा आपणही नाकाराव्यात.

एएस क्रमांक बदलताना मात्र घाई करू नये: नवा आरओए आधी करावा, तो सर्वत्र पोचण्यास काही तास द्यावेत, मग नवी घोषणा सुरू करून जुनी थांबवावी, आणि जुना आरओए सर्वात शेवटी काढावा.