तेरडा लावताय? मग या चुका टाळा

तेरडा काय, कुठंही येतो असं म्हणत मी पहिल्या वर्षी बिया बोटभर खोल पुरल्या आणि पंधरा दिवस कुंडीकडे बघत बसलो, एक कोंब नाही. बी वरवर भुरभुरायचं, चिमूटभर माती टाकायची, बास. जूनचा पाऊस पडला की आपोआप उगवतं.

पाण्याचीही गंमत आहे. दुपारच्या उन्हात पानं मलूल झाली की आपण घाबरून तांब्याभर ओततो, पण माती ओली असेल तर संध्याकाळी झाड आपसूक ताठ होतं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू दिलं तर मात्र खोड बुडापासून कुजलंच समजा, त्या खोडात असतं काय, निम्म्याहून जास्त पाणीच!

नर्सरीतला पाकळ्यांनी गच्च भरलेला डबल तेरडा दिसतो भारी, पण मधमाशी त्यात शिरणार कुठून? रानातल्या साध्या फुलाला मागं वाकडी शेपटी असते, मध त्या शेपटीत, त्यासाठी माशी आत घुसते आणि पाठीवर पराग घेऊन बाहेर येते. म्हणून साधंच बी घ्या. देठावरच्या बारीक गाठींतूनही गोड रस येतो, त्यावर मुंग्या दिसल्या की लगेच पावडर मारू नका.

सगळ्यात मोठी चूक अळीची. एका रात्रीत पानं गायब, आणि खाली काळपट जाडजूड अळी, अंगावर डोळ्यांसारखे पिवळे ठिपके, शेपटीवर शिंग, तेही हलवते! ती चावत नाही, डंख मारत नाही, हॉकमॉथ पतंगाचं पिल्लू आहे. झाड जास्तच बोडकं होत असेल तर उचलून दुसऱ्या तेरड्यावर ठेवा. पुढं ती खालच्या पाचोळ्यात कोष करते, तेव्हा रोज झाडून चकाचक करायची हौस आवरा.

गौरीला तेरडा मुळासकट उपटून आणायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, आणायचा तर आणा, पण आख्खा बांध साफ करू नका, भाद्रपदात बरीचशी बोंडं अजून कच्ची असतात. (साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाऊन तर उपटूच नका, तिथला जांभळा गालिचा बऱ्याचदा तेरड्याच्या बुटक्या भाऊबंदाचा असतो, तोही तेरड्यासारखा वर्षायूच, म्हणजे वर्षभरात मरून पुन्हा बियांतूनच येणारा.) आणि बी हवं असेल तर फुगलेलं बोंड मुठीत धरूनच तोडा, नुसतं बोट लागलं तरी फुटतं आणि बिया थेट शेजाऱ्याच्या कुंडीत.