सौर लाकडी बाक बनवताना या चुका टाळा

सौर बाकात पॅनलच्या विजेवर मोबाइल चार्ज होतात आणि रात्री दिवा लागतो. पण बसणाऱ्याला सावली हवी असते आणि पॅनलला ऊन. सार्वजनिक जागेतल्या सौर बाकाचं बहुतेक दुखणं इथूनच सुरू होतं. तरीही कित्येक आराखड्यांत पॅनल थेट बैठकीतच बसवलेलं असतं, कारण कागदावर ते देखणं दिसतं. प्रत्यक्षात माणूस बसला की पॅनल झाकलं जातं, आणि भर दुपारी तापलेल्या काचेवर बसायला कोणी तयार होत नाही.

थोडी सावली पडली तर थोडंच नुकसान होईल, हा हिशेबही फसवा आहे. पॅनलमधले सेल, म्हणजे उन्हापासून वीज बनवणारे छोटे तुकडे, माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक झाकला गेला की अख्ख्या माळेचा प्रवाह अडतो. प्रवाहाला बाजूची वाट देणारा बायपास डायोड असेल तर झाकलेल्या सेलचा गट वगळला जातो, पण छोट्या पॅनलमध्ये असे गट बहुतेकदा दोनच असतात. म्हणजे टेकवून ठेवलेली एक पिशवी निम्मी वीज घालवू शकते.

2010 मध्ये सर्बियातल्या ओब्रेनोवाचमध्ये उभारलेल्या ‘स्ट्रॉबेरी ट्री’ या सार्वजनिक सौर चार्जरमध्ये पॅनल झाडाच्या शेंड्यासारखं उंचावर होतं. मला हीच मांडणी पटते, कारण पॅनलला ऊन मिळतं आणि त्याचीच सावली बसणाऱ्यावर पडते. मात्र पॅनल अगदी सपाट ठेवू नका. निदान 10 अंशांचा उतार असला की पावसाच्या पाण्याबरोबर बरीच धूळ वाहून जाते. पक्ष्यांची विष्ठा मात्र पुसावीच लागते.

फलकावर लिहिण्याआधी हिशेब करा

‘इथे मोबाइल चार्ज करा’ असा फलक लावण्याआधी आकडेमोड करून बघा. पाव चौरस मीटरचं चांगलं पॅनल साधारण 50 वॅटचं असतं. हा आकडा दर चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि सेलचं तापमान 25 अंश धरून मोजलेला असतो. सेल 60 अंशांवर गेला की सुमारे 14 टक्के वीज तिथेच घटते. चार तासांचं पूर्ण ऊन धरलं तर 200 वॅट-तास होतात. उष्णता, धूळ, कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग) आणि बॅटरी यांतली घट वजा करून हाती 130 च्या आसपास राहतात. पाच वॅटचा दिवा दहा तास चालवला की त्यातले 50 गेले. 5000 एमएएच बॅटरीचा मोबाइल पूर्ण भरायला घट धरून साधारण 25 लागतात. म्हणजे दिवसाला तीन मोबाइल, तेही आकाश निरभ्र असेल तर. ढगाळ दिवसांसाठी बॅटरीत निदान दोन-तीन रात्रींचा दिवा पुरेल एवढा साठा ठेवा.

लाकूड हलतं, हे विसरू नका

इलेक्ट्रॉनिक्सवाले इथे हमखास फसतात. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. सागवानाची 100 मिलिमीटर रुंदीची फळी लाकडातल्या आर्द्रतेच्या सहा टक्के फरकाने सुमारे एक मिलिमीटर कमी-जास्त होते. आठ फळ्यांचा पृष्ठभाग असेल तर एकूण फरक आठ-नऊ मिलिमीटर होतो. त्यावर ॲल्युमिनियमची चौकट चारही कोपऱ्यांत घट्ट आवळली, तर फळी तडकेल किंवा स्क्रू ओढले जातील. एका बाजूचे स्क्रू पक्के करा, बाकीची भोकं लांबट ठेवा आणि फळ्यांमध्ये सहा ते आठ मिलिमीटर फट सोडा.

लाकडात खाच कोरून त्यात पॅनल बसवणं आणि कडेने सिलिकॉन भरणं ही याच चुकीची पुढची पायरी. लाकूड हलतं, सिलिकॉन एका कडेला सुटतं, पाणी आत शिरतं आणि ती खाच कुंडीसारखी भरून राहते. लाकडातली आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, पण अशा खाचेत ती तेवढी खाली येतच नाही. पॅनलमागे तीन ते पाच सेंटिमीटर हवा खेळती ठेवा, म्हणजे लाकूड सुकेल आणि पॅनलही थंड राहील.

व्हार्निशबद्दल माझं मत जरा कडवट आहे. उन्हात त्याचा थर तडकतो, तड्यातून गेलेलं पाणी थराखाली अडकतं, आणि वरून चकचकीत दिसणारी फळी आतून काळी पडते. तेल लावा आणि ते ठरावीक काळाने पुन्हा लावायची तयारी ठेवा. लाकूड करडं झालं म्हणून घाबरू नका. अतिनील किरणांनी वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे धरून ठेवणारं द्रव्य, तुटतं म्हणून तो रंग येतो, त्याचा अर्थ कुजणं नव्हे. पाय मात्र जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचलून धातूच्या बुटात बसवा, कारण फळीचं कापलेलं टोक सर्वांत जास्त पाणी पितं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, समुद्राजवळ खाऱ्या हवेत कमी गंजणाऱ्या 316 प्रतीचे.

लाकडाखालून वायरलेस चार्जिंग ही कल्पना मोहक आहे, पण नेहमीचं तंत्र काही मिलिमीटर अंतरावरच चालतं. 25 मिलिमीटरच्या फळीखाली नेहमीची चार्जिंगची चकती ठेवून काहीच होत नाही, आणि तेवढ्या जागेपुरती फळी चार मिलिमीटरपर्यंत कोरली तर ती तिथेच फुटते. चकतीवर प्लास्टिकची वेगळी टोपी बसवा. यूएसबीची तोंडं आकाशाकडे कधीच नको. ती हाताखालच्या कडेला, खाली वळलेली आणि चटकन बदलता येतील अशी असावीत.

बॅटरीच्या पेटीवर आयपी67 (धूळ-पाणी आत न शिरू देण्याची प्रत) लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. वायरसाठी वरून एक भोक पाडलं की त्या आकड्याला अर्थ उरत नाही. वायर खालून, केबल ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आणि आधी खाली झोळ देऊन आत न्या. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, म्हणून थंड हवामानात तापमान बघून चार्जिंग थांबवणारी यंत्रणा लागतेच.

बिघाड शोधताना

दिवा मध्यरात्रीच विझतो? आधी पॅनल पुसा, मग मोजमाप घ्या. 36 सेलचं पॅनल सुटं करून उन्हात मोजलं तर 20 ते 22 व्होल्ट दाखवतं, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. धुळीने व्होल्टेज फारसं पडत नाही, प्रवाह पडतो. म्हणून भर दुपारी बॅटरीत किती अँपिअर जातात ते बघा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज ती बरीच रिकामी होईपर्यंत जवळपास सपाट राहतं, त्यामुळे 13 व्होल्ट दिसले म्हणजे ती भरली असं होत नाही. दुरुस्तीनंतर कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, पॅनल नंतर.

आणि बॅटरी भरलेली असून, सगळ्या जोडण्या ठीक असूनही दिवा लागतच नसेल, तर मान वर करून बघा. बरेच कंट्रोलर पॅनलच्या व्होल्टेजवरून रात्र झाली की नाही ते ठरवतात. पॅनलवर रस्त्यावरच्या दिव्याचा झोत पडत असेल तर त्यांच्या लेखी रात्र होतच नाही. पॅनलवर रात्री काळं कापड टाकून बघा. दिवा लागला, तर कंट्रोलरमधली रात्र ठरवणारी व्होल्टेजची मर्यादा बदला किंवा बाकाची जागा.