रिंगवर ताबा हवाय? मग या चुका टाळा

“सर, तो थांबतच नाही, नुसता पळतो!” बॉक्सिंगचं स्पारिंग (सरावाची लढत) संपवून दोरांतून बाहेर येणाऱ्या पोरांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यांच्या हातांकडे बघतच नाही, पायांकडे बघतो. दरवेळी तेच दिसतं. समोरचा जिथे उभा आहे तिकडे हा निघतो, आणि पोहोचेपर्यंत तो तिथून सटकलेला असतो.

रिंग जनरल म्हणजे लढत रिंगच्या कोणत्या भागात, किती अंतरावरून आणि कोणाच्या वेगाने होणार हे ठरवणारा बॉक्सर. प्रोफेशनल लढतींत जज स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण आणि बचाव यांच्या जोडीला हेही बघतात. हा गुण जन्मजात असतो असं पुष्कळांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. तो पायांनी शिकायचा असतो, आणि बहुतेकांचं गाडं पहिल्याच चुकीपाशी अडतं.

मागे धावणं

एमेच्युअर रिंग दोरांच्या आत 6.1 मीटर चौरस असते. मधोमध उभा असलेल्याला थोडंच वळावं लागतं, कडेने फिरणाऱ्याला मात्र मोठा वळसा पडतो. म्हणजे मध्य तुमच्याकडे असेल तर दमायची पाळी त्याची. मागे धावलात की हा फायदा तुम्ही आपल्या हाताने सोडून देता.

तो तुमच्या डावीकडे निघाला तर त्याच्याकडे जाऊ नका, तो जिथे पोहोचणार आहे तिथे जा. तुमचा स्टान्स ऑर्थोडॉक्स (डावा हात-पाय पुढे) असेल तर डावा पाय आधी, तिरका पुढे. मागचा पाय तेवढाच सरकेल. उजवीकडे जाताना उजवा पाय आधी. पाय एकमेकांवरून गेले की त्या क्षणी कुणीही तुम्हाला साध्या जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, पाडेल. बंद करायच्या बाजूचा हातही कामाला लावा: डावीकडे निसटणाऱ्याला डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा), उजवीकडे निसटणाऱ्याला उजवा, शक्यतो बरगडीवर.

दोरांपासून एक पाऊल आत खडूने चौकोन आखा. दोन मिनिटं ठोसे बंद. एकाने निसटायचं, दुसऱ्याने हात छातीशी धरून फक्त पावलांनी त्याला चौकोन आणि दोर यांमधल्या पट्ट्यात ढकलायचं. पहिल्या दिवशी पोरं वैतागतात. पंधरा दिवसांत “तो पळतो” ही तक्रार कमी होते.

पट्ट्यात ढकलल्यावरची चूक वेगळीच. आता सापडला म्हणून हात पसरून अंगावर धावायचं. मग तो क्लिंच करतो, म्हणजे मिठी मारून हात अडकवतो, किंवा तुमच्या कोपराखालून वळून बाहेर पडतो, आणि सगळी मेहनत पाण्यात. खडूच्या रेषेवरच थांबा. तिथून तुमचा जॅब पोहोचतो, आणि त्याला मात्र मागे जायला जागा उरत नाही.

अलीची अर्धीच नक्कल

30 ऑक्टोबर 1974, किन्शासा. तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता जॉर्ज फोरमन रिंग कापण्यात, म्हणजे समोरच्याच्या वाटा बंद करण्यात, तरबेज होता. उष्ण, दमट हवेत रात्रभर त्याच्यापासून फिरत राहणं महंमद अलीला परवडणारं नव्हतं. म्हणून तो दोरांना टेकला. आपल्या पोरांना एवढंच आठवतं. अली तिथून सरळ उजवे मारत होता, क्लिंचमध्ये फोरमनची मान खाली दाबत होता, हे ती विसरतात. आठव्या राऊंडमध्ये फोरमन पडला तेव्हा तिन्ही जजांच्या गुणपत्रिकेवर अली पुढेच होता. पुढे सरकणारा फोरमन, पण लढत अलीच्या मनासारखी चाललेली!

शिवाय ती 15 राऊंडची लढत होती. तुमच्याकडे तीन-तीन मिनिटांचे तीनच राऊंड असतात. समोरचा दमायच्या आत निकाल लागलेला असतो. दोर सोडा.

चिडून त्याचा खेळ खेळणं

जून 1980 मध्ये माँट्रियलला शुगर रे लिओनार्ड रॉबर्टो दुरानशी जवळून भिडत राहिला आणि गुणांवर हरला. जवळून भिडणं हाच तर दुरानचा खेळ. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सला लिओनार्ड फिरला, अंतर राखलं, आणि आठव्या राऊंडमध्ये दुरानने लढतच सोडून दिली. माणसं तीच, मधे जेमतेम पाच महिने. राग आला की एक पाऊल बाजूला घ्या, जॅब मारा, मग ठरवा.

सुरुवातीचे राऊंड सोडणं

याचा मला सर्वांत जास्त त्रास होतो. 6 एप्रिल 1987 ला लास व्हेगासमध्ये मिडलवेट जगज्जेता मार्विन हॅगलर, हाडाचा साउथपॉ (उजवा हात-पाय पुढे ठेवणारा), लिओनार्डसमोर ऑर्थोडॉक्स उतरला. पहिले दोन राऊंड तिन्ही जजांनी लिओनार्डला दिले. पुढे लिओनार्ड राऊंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात ठोशांचा पाऊस पाडून जजांच्या नजरेत भरत राहिला. राऊंड जिंकणाऱ्याला सहसा 10 गुण, हरणाऱ्याला 9. एका जजने 118-110 लिओनार्डला दिले. बाकी दोघांचे 115-113, एकाचे याला, एकाचे त्याला. लिओनार्डला 115-113 देणाऱ्या जजकडे हॅगलरचा फक्त एक राऊंड वाढता तर तिथे 114-114 झाले असते, लढत बरोबरीत सुटली असती आणि किताब हॅगलरकडेच राहिला असता. एका राऊंडची किंमत ही एवढी.

बाकीच्या चुका लवकर सुटतात. साउथपॉसमोर तुमचा पुढचा पाय त्याच्या पायाच्या बाहेर असू द्या. मागे हटायचं तर दोन पावलांनंतर बाजूला वळा, सरळ मागे गेलात तर पाठीला दोर लागलाच म्हणून समजा. समोरच्याच्या ज्या हाताची ताकद जास्त, त्या हाताच्या दिशेने फिरू नका.

राऊंड संपल्यावर कॉर्नरमध्ये पाणी देताना मी एकच प्रश्न विचारतो: “घंटा वाजली तेव्हा दोराकडे पाठ कोणाची होती?” बहुतेकांना सुरुवातीला आठवतच नाही. परवा एका मुलीने तोंडातला माउथगार्ड काढायच्या आतच समोरच्या कॉर्नरकडे बोट दाखवलं.